मातीतला कवी आणि आमची म्हैस

माझं प्रेम शुद्धलेखनापासून सुरू झालं. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग स्वतःच्या मुलांचे निबंध तपासायला देतात.

संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात मी टायपिंग करायचे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, आणि मधूनमधून कुणाची तरी कवितांची वही. कवितांची वही घेऊन येणारी माणसं सहसा रिटायर झालेली असतात. हा आला तेव्हा तिशीच्या आतला होता, गाडी गल्लीत आडवी लावून आला होता, आणि त्याच्या खांद्यावर घोंगडी होती. एप्रिल महिना होता. पंख्याखाली आम्ही घामानं निथळत होतो आणि हा घोंगडी सावरत उभा. तिच्या कोपऱ्यावर ऑनलाईन कंपनीचं लेबल तसंच होतं, ते त्याला सांगावं की नाही ह्या विचारात मी त्याचं पहिलं वाक्य ऐकलंच नाही.

वडिलांचा चितेगावला पाईपचा कारखाना, पैठण रोडला मोठं फार्महाउस, शहरात बंगला, बंगल्यात ह्याच्या खोलीला एसी. एवढं सगळं असून ह्याला व्हायचं होतं ‘मातीतला कवी’. वहीच्या पहिल्याच पानावर नावाखाली तसं लिहून आणलं होतं. मी विचारलं, "हे कंसात घ्यायचं की कंसाबाहेर?" तो जरा विचार करून गंभीरपणे म्हणाला, "कंसाबाहेर."

मी टाईप करायला बसले. पहिल्या कवितेत भर पावसाळ्यात हरभरा काढणं चाललं होतं. दुसरीत बैलाला पान्हा फुटत होता. मी दोनदा वाचलं, मला वाटलं अक्षर लागत नसेल. नाही, बैलालाच फुटत होता. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी म्हणाले, "इथं बैलाच्या जागी गाय करू का? मात्रा बसतात." तो म्हणाला, "करा ना. फरक काही पडत नाही."

असं आमचं सुरू झालं.

आधी मी जनावरांची लिंगं दुरुस्त केली, मग पिकांचे हंगाम, मग ओळी. मग तो नुसता विषय सांगू लागला. "आज नांगरावर काहीतरी," असं म्हणून तो समोरच्या स्टुलावर बसायचा आणि मी लिहायचे. लिहून झालं की तो मोठ्यानं वाचायचा. आवाज त्याचा खरंच चांगला होता, ते मी आजही नाकारणार नाही. माझ्या ओळी त्याआधी कुणी मोठ्यानं वाचल्या नव्हत्या. त्या त्याच्या तोंडून ऐकताना मला वाटायचं, मी पण कुणीतरी आहे. ‘अहो’चं ‘अगं’ झालं, मग हिमायत बागेत पेरू खाणं झालं, मग गाडीत बसून एकमेकांच्या हातावरच्या रेषा बघणं झालं. मी त्याच्यावर प्रेम केलं, साधं, बिनशर्त आणि बावळट.

छापखान्याचे मालक वयानं मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते चष्म्यावरून बघत असायचे. एक दिवस म्हणाले, "बेटी, लिखती तू, नाम उसका. ये कैसा धंदा है?" मी म्हणाले, "चाचा, प्रेमात नाव बघत नाहीत." ते म्हणाले, "छापखाने में देखते," आणि चहा मागवायला निघून गेले.

दोन वर्षांत चाळीस कविता झाल्या. त्यातल्या एकोणचाळीस त्यानं विषय सांगून लिहून घेतल्या होत्या. त्यांचं मला काही नाही, त्या आज कुणी फुकट दिल्या तरी मी घेणार नाही. चाळिसावी मात्र मी माझ्यासाठी लिहिली होती. ती आईची होती.

आम्ही पडेगावला राहतो. बाबा गेल्यापासून घरात मी, आई आणि दोन म्हशी. त्या म्हशींच्या दुधावर माझं बी.ए. झालं, त्यामुळं मी त्यांना एकेरीत बोलवत असले तरी मनात मान आहे. त्यातली थोरली विचित्र आहे. तिचं नाव इथं लिहीत नाही, तिलाही अब्रू आहे. तर ती थोरली, गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नाही. आई खाली बसते, कासेला हात लावते आणि सुरू करते. अमकीनं दुधात पाणी आहे म्हणून टोमणा मारला, तमक्या दिराचा फोन नाही, गुडघा दुखतो, पोरीचं वय वाढत चाललं. म्हैस कान देऊन ऐकते आणि धार सुरू होते. चांगली बातमी सांगितली की लाथ मारते. धाकटी आटलेली होती, त्यामुळं मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले त्या दिवशी आमच्याकडं चहा बिनदुधाचा झाला होता.

त्यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या:

एक शिंग वाकडं तिचं, एक कान आईकडं,
दिवसाचं गाऱ्हाणं सारं जातं म्हशीकडं.
लेकीला नको घोर म्हणून म्हशीला सांगते,
चरवी भरते दुधानं, आई रिती होते.

त्याला मी ती हौसेनं दाखवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांनी एका कविसंमेलनात त्यानं ती स्वतःची म्हणून वाचली आणि स्मृतिचिन्ह घेऊन आला. ‘लेकीला’च्या जागी ‘लेकाला’ केलं होतं. वेलांटीचा काना केला, एवढंच त्याचं त्या कवितेतलं काम. मला वाईट वाटलं, पण मी म्हणाले जाऊ दे, उद्या लग्न झालं की त्याचं ते माझंच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, हे कळायला मला आणखी सहा महिने लागले.

सहा महिन्यांनी तो मजकूर घेऊन आला. मी विचारलं, नवी कविता का? म्हणाला, नाही, पत्रिका आहे. मी कागद उघडला. साखरपुड्याची पत्रिका होती आणि त्यात त्याचं नाव होतं. दुसरं नाव माझं नव्हतं.

"घरच्यांनी ठरवलंय," तो म्हणाला. "वैजापूरची पार्टी आहे, मोठी माणसं. तू समजून घेशील, तू वेगळी आहेस." मी कागद पुन्हा वाचत होते, तर त्याला धीर आला. "आणि चि. सौ. कां.ची टिंबं तेवढी नीट बघ. तुझ्यासारखं कुणी बघत नाही."

मी रडले. रडत रडत पत्रिकेतल्या सहा चुका काढल्या. ‘छत्रपती संभाजीनगर’ पूर्ण बसावं म्हणून पत्त्याच्या ओळीचा फॉन्ट लहान केला. मग डोळे पुसून त्याला एकच गोष्ट मागितली. "छपाईला गेलेल्या तुझ्या पुस्तकातून माझी आईची कविता काढ. बाकीच्या एकोणचाळीस तुला लखलाभ. ती एक मला परत दे."

तो म्हणाला, "वेडी आहेस का? तीच तर चालते."

पुस्तक त्यानं स्वतःच्या आईला अर्पण केलं होतं. त्या बाई स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांचा आणि म्हशीचा संबंध दुधाच्या पिशवीवरच्या चित्रापलीकडं गेलेला नव्हता. मला त्या अर्पणपत्रिकेचा जेवढा राग आला तेवढा साखरपुड्याचाही आला नाही.

जाताना तो दारातून मागं वळला. "अगं, प्रकाशन आणि साखरपुडा एकाच मंचावर आहे. तिच्यासाठी एक छोटी कविता पाहिजे. मातीची, पण रोमँटिक."

ज्यानं जखम केली त्यानंच मीठ मागायला यावं, तसं झालं. मी म्हणाले, "देते की."

आता आंबोण म्हणजे काय ते सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी हसू नये. म्हशीची धार काढताना तिच्या पुढ्यात जे खाणं ठेवतात ते आंबोण. भुसा, सरकी, पेंड, चुणी पाण्यात भिजत घालतात. ते जरा आंबतं, आणि मग त्याला जो वास सुटतो तो शब्दांत सांगता येत नाही, पण कपड्यांना मात्र दोन दिवस राहतो. शब्द ऐकायला गोड आहे. आंबोण. गोठ्यात पाय न ठेवलेल्या माणसाला त्यात आंबा ऐकू येतो.

मी लिहिलं:

तुझ्या श्वासाला गं सखे, आंबोणाचा वास,
पहाटेला जीव घेते आंबोणाची आस.

त्यानं ते वाचलं. डोळे मिटले. "आंबोण," असं हळूच म्हणाला. मी वाट बघत होते. देवाशपथ सांगते, त्यानं नुसतं विचारलं असतं, आंबोण म्हणजे काय गं, तर मी सांगून टाकलं असतं आणि शब्द बदलून दिला असता. एवढी काही मी दुष्ट नाही. पण मातीतल्या कवीनं मातीतला शब्द विचारायचा कसा? त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "वा. आजोळची आठवण झाली." त्याचं आजोळ पुण्यात होतं, तिसऱ्या मजल्यावर.

माझा बेत एवढाच होता. तो मंचावर नवरीच्या श्वासाला पेंडीचा वास आहे असं म्हणणार, मी मागच्या रांगेत बसून पदराआड हसणार आणि घरी जाणार. आईला न्यायचं नव्हतं. पण आईनं हट्टच धरला. तिच्या लेखी पुस्तक टाईप करणारीच पुस्तक करते. "तुझं पुस्तक हाय आन मी घरी बसू व्हय?" म्हणाली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं. माझ्या प्रेमाचं तिला काही माहीत नव्हतं. कवितेचंही नव्हतं. सगळ्या शहराला ती ऐकवून झाली होती, एका आईला सोडून.

जालना रोडवरच्या एसी हॉलमध्ये कार्यक्रम होता. मंचावर थर्माकोलची बैलगाडी, कडब्याची पेंढी, कागदी झोपडी. पुढच्या रांगांमध्ये वैजापूरची मंडळी फेटे बांधून बसलेली. कवी अनवाणी आला. पायाला लाल माती लावली होती. आमच्याकडची माती काळी. ही त्यानं कुंड्यांच्या नर्सरीतून आणली असणार. बोलायला लागला तो गावाकडच्या भाषेत, तीही सिनेमातल्या, पार कोल्हापूरकडच्या. आई मला म्हणाली, "हा कुठला गं?" मी म्हणाले, "चितेगावचा." आई म्हणाली, "वाटत नाय."

मागं बसून मी घोकत होते, आज मजा येणार. पण नजर सारखी टेबलाकडं जात होती. पुस्तकाच्या दोनशे प्रती टेबलावर रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पान सतरावर माझी आई होती. कार्यक्रम संपला की ती कायमची त्याची होणार होती. नंतर मी काय ओरडणार, आणि कुणापुढं?

आंबोणाची कविता झाली. वैजापूरच्या रांगांमध्ये काहीतरी सळसळलं. दोन-चार फेटे एकमेकांकडं झुकले. अध्यक्षस्थानी मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी माईक ओढला आणि म्हणाले की ह्या एका शब्दासाठी ते आज कृतार्थ झाले. "आम्रवन, अंबवन, आंबोण. पहाटेच्या धुक्यातला मोहराचा दरवळ. हा शब्द मी अनेक वर्षं शोधत होतो."

पुढच्या रांगेतून नवरीचे आजोबा उठले. पांढरे कल्ले, हातात काठी. फार अदबीनं म्हणाले, "सायब, माफी असावी. आमच्यात आंबोण म्हशीला ठेवत्यात."

प्राध्यापक म्हणाले, "तो वेगळा शब्द असावा."

"मग वास बी येगळा आसंल," आजोबा म्हणाले आणि खाली बसले.

हॉल हसला. मीही हसले, आणि मला फार बरं वाटलं. मंचावर नवरी बसली होती, हिरव्या शालूत. तिनं हात पुढं करून माईक मागून घेतला. मुलगी शांत होती. "तुमचा शब्द आहे, तर तुम्हीच सांगा ना," ती कवीला म्हणाली.

"मोहरच," तो म्हणाला. "माझी आजी म्हणायची."

"आमच्या घरी बारा म्हशी आहेत," ती म्हणाली. "सुट्टीत गेले की मीच आंबोण कालवते. माझ्या श्वासाला तसा वास येतो का?"

आता हॉल हसायचा थांबेना. प्राध्यापक खिशात चष्मा शोधू लागले, तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. कवीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. असा माणूस अडचणीत आला की आपलं हुकमी पान टाकतो, तसं त्यानं टाकलं. दोन्ही हात वर करून म्हणाला, "हसा, खुशाल हसा. पण माझ्या आईची कविता ऐका." आणि सुरू केलं. एक शिंग वाकडं तिचं, एक कान आईकडं.

आवाज चांगला, त्यामुळं हॉल गप्प होत गेला. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. दुसरी ओळ झाली आणि माझ्या शेजारची खुर्ची वाजली. आई उभी राहिली होती.

"थांबा सायब," आई म्हणाली. "ही म्हस आमची हाय."

तिला माईकची गरज नव्हती. रोज गल्लीत दूध म्हणून हाक मारायची सवय.

कवीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "मावशी, ही कवितेतली म्हैस आहे. प्रतीक आहे ते."

"परतीक नाय," आई म्हणाली. "मुऱ्हा जातीची हाय."

मी तिचा पदर ओढत होते, ती बसेना. तिला खरोखर वाटत होतं की आपली म्हैस कुणीतरी परस्पर पळवली आहे. वैजापूरच्या आजोबांना मात्र हा विषय एकदम पटला. जनावराच्या बाजारात जन्म गेलेला माणूस, तो काठी टेकत उभा राहिला आणि रीतसर निवाडा सुरू केला. "बाई, खूण सांगा."

"डावं शिंग वाकडं. गाऱ्हानं ऐकल्याबिगर पान्हा नाय. चांगलं सांगितलं की लाथ मारती."

"तुम्ही सांगा कवी. शिंग कंचं वाकडं?"

कवितेत ते नव्हतंच. तो म्हणाला, "उजवं." मग आईकडं बघून म्हणाला, "म्हणजे समोरून पाहिलं तर."

"पारडू आधी सोडता का धार आधी काढता?"

"धार आधी," तो म्हणाला. "मग पारडू, उरलेल्यासाठी."

पुढच्या सगळ्या फेट्यांनी एकदम माना हलवल्या, आणि त्या होकाराच्या नव्हत्या. रेडकू आधी लुचल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, हे तिथं लहान पोरालाही माहीत होतं.

"बरं, म्हस बांधली कुठं हाय सध्या?"

"फार्महाउसवर."

तेव्हा त्याचे वडील, जे इतका वेळ मोबाईलवर कारखान्याशी बोलत होते, त्यांनी मान वर केली आणि अगदी निरागसपणे म्हणाले, "आरं, फार्महाउसवर आपलं कुत्रं हाय फक्त."

ह्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. लोक खुर्च्यांवरून घसरले. थर्माकोलचा एक बैल पडला. प्राध्यापकांनी टेबल वाजवून विचारलं, "म्हणजे ही कविता कुणाची?"

"कवितेचं मला म्हाईत नाय," आई म्हणाली. "म्हस माझी हाय. आन धारंच्या येळंला तिच्याजवळ मी आसते आन माझी लेक आसती. तिसरं कुनी नसतं."

सगळा हॉल माझ्याकडं वळला. दोन वर्षं मी ह्या क्षणाची स्वप्नं बघितली होती असं म्हणायला पाहिजे, पण खरं सांगायचं तर मला तिथून पळून जायचं होतं. पलीकडं चाचा बसले होते. त्यांनी कोपर मारलं. "उठ बेटी. अब नक्को बैठ."

मी उठले आणि मंचापर्यंत गेले. भाषण पाठ होतं, आरशासमोर म्हणून बघितलेलं. त्यात विश्वासघात होता, शोषण होतं, एक शेरही होता. त्यातला एक शब्द आठवला नाही. मी म्हणाले, "कविता माझी आहे. चाळीसच्या चाळीस माझ्या आहेत."

कवी माईकमध्ये म्हणाला, "ही टायपिस्ट आहे."

नवरी म्हणाली, "असू दे. हिला विचारते. आंबोण कसं करतात?"

मी सांगितलं. सरकी आदल्या रात्री भिजत घालायची, पेंड निम्मी, तुरीची चुणी मूठभर जास्त, मीठ विसरायचं नाही, आणि गाभण असेल तर सरकी कमी. आजोबा एकेका जिन्नसाला मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बराबर." मराठी कवितेच्या कर्तृत्वाचा वाद पेंडीच्या प्रमाणावर मिटला, असा प्रसंग दुसरा घडला असेल असं मला वाटत नाही. नवरीनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ती आपल्या माणसांत जाऊन बसली. कवी कोपऱ्यातल्या कागदी झोपडीकडं सरकत होता. मला आनंद झाला, अगदी टाळूपर्यंत झाला. मी तो लपवणार नाही.

पण तेवढ्यात प्राध्यापकांनी विचारलं, "मग ह्या गृहस्थांनी तुमच्या कविता चोरल्या?" आणि समोर आई उभी होती, पदर खोचून, माझ्याकडं बघत. तिच्यासमोर खोटं बोलता येईना.

"नाही," मी म्हणाले. "मी दिल्या."

आई मंचापाशी आली. माझा हात धरला आणि मला बाहेर घेऊन आली. जेवण आम्ही केलं नाही. वैजापूरची मंडळी जेवून गेली म्हणे, बासुंदी चांगली होती, पण टिळा झाला नाही. ते लग्न पुढंही झालं नाही. पुस्तकाच्या प्रती कवीच्या वडिलांनी उचलून नेल्या. कवी आता सेंद्रिय गुळाचे व्हिडिओ करतो आणि प्राध्यापकांनी आंबोणाच्या दोन व्युत्पत्ती असा लेख लिहिला, ज्यात पहिली त्यांनी सोडलेली नाही.

रिक्षात आई बाहेर बघत होती. माझा टाळूपर्यंत चढलेला आनंद क्रांती चौकापर्यंत पुरता उतरला. छावणी आली तेव्हा ती म्हणाली, "का दिल्या?"

"आवडत होता मला."

"बरं." तिनं लुगड्याची घडी सारखी केली. मग, "त्यात म्हशीसंगं मी बी हाय म्हनं."

"हो."

"मग आधी त्याला दिलीस. मला नाय दिलीस."

मी म्हणायला तोंड उघडलं की तुला वाचता येत नाही. पण तिला ऐकू तर येतं. दोन वर्षं मी परक्या माणसाच्या आवाजात माझ्याच ओळी ऐकून हुरळत होते आणि जिच्यावर त्या होत्या ती दहा हातांवर चरवी धूत होती. त्यानं माझी कविता घेतली ह्याचं मी जगभर रडगाणं गायलं असतं. मी तिची तिला दिली नव्हती, ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मला तिची लाज वाटत होती का? थोडी वाटत होती. गोठ्याच्या वासाचीही वाटत होती. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

घरी पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. आईनं ठेवणीतलं लुगडं बदललं, थोरलीपुढं आंबोण ठेवलं, पारडू सोडलं, ओढून बांधलं आणि खाली बसली. मी नेहमीच्या जागी दाराशी उभी होते. तिनं कासेला हात लावला, पण गाऱ्हाणं सुरू केलं नाही.

"म्हण," ती म्हणाली.

मी म्हणाले. माझा आवाज काही चांगला नाही, आणि त्या दिवशी तर फाटत होता. पहिल्या दोन ओळींना आई हसली, शिंगाचं बरोबर आलंय म्हणाली. तिसरी ओळ मी माझी, खरी म्हणाले. लेकीला नको घोर म्हणून म्हशीला सांगते. आईचे हात थांबले. चौथी ओळ झाली तरी ती तशीच बसून राहिली, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकून.

"एवढं सगळं ऐकत व्हतीस व्हय गं तू?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मोबाईल बघत बसती."

"ऐकत होते," मी म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग बसल्या जागी वळून माझ्याकडं तोंड केलं आणि त्या दिवसाचं गाऱ्हाणं मला सांगायला घेतलं. त्यातलं निम्मं माझ्याबद्दलच होतं.